आप्पांच्या वाटच्या सुया

आमच्या घरात पलंग एकच होता आणि त्यावर दोन भाऊ झोपायचे, पण एका वेळी कधीच नाही. आप्पा दिवसपाळीला असले की काका रात्रपाळीला, पंधरवड्याने उलट. उधन्याच्या एका खात्यात दोघांकडे तेच संचे होते. लूमला इथे, या गुजराती शहरात, संचा म्हणतात आणि लूमच्या कारखान्याला खातं. सकाळी-संध्याकाळी सातला खात्याच्या दारात दोघांची गाठ पडायची, तेवढीच. तिथे डबा, छत्री आणि थंडीत स्वेटर एकाकडून दुसऱ्याकडे जायचा. स्वेटर एकच होता. आई म्हणायची, लग्न एकाशी केलं आणि गळ्यात दोघं पडले.

काका आप्पांहून लहान, पण तोंडावळा सारखा. मिशीही सारखीच ठेवायचा. धुळ्याकडच्या आमच्या गावातून आप्पा आधी आले, मग त्यांनी काकाला बोलावून घेतलं. दोघं मिळून एक माणूस असल्यासारखे वागायचे. रेशनच्या रांगेत आप्पांच्या जागी काका, गॅसच्या गाडीपाशी काकाच्या जागी आप्पा. एकदा माझ्या शाळेच्या पालकसभेला काका आप्पा म्हणून बसून आला. माझ्या गणिताबद्दल बाईंनी जे काही सुनावलं ते त्याने मान खाली घालून ऐकलं आणि घरी येऊन मला म्हणाला, बाप होणं सोपं नाही.

याला बदली म्हणतात. खात्यात कोणी आजारी पडला, कोणाकडे लग्न निघालं, तर त्याने आपल्या जागी माणूस द्यायचा. माणूस दिला की संचे चालू राहतात आणि आपली जागा आपली राहते. दिला नाही तर शेठ दुसरा कारागीर उभा करतो, आणि मग आठ दिवसांनी आलेल्याला दारातूनच परत जावं लागतं. भले भले जाणते कारागीर असे परत गेलेले आम्ही पाहिले होते. त्यामुळे आमच्या लोकांच्या हाडात एक गोष्ट मुरलेली आहे: जागा रिकामी ठेवायची नाही. तू नसशील तर तुझा माणूस उभा पाहिजे.

हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकलं की लोक म्हणतात, अडाणी माणसं. हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. आप्पा सातवी शिकले होते, रोज पेपर वाचायचे आणि गुजराती पाट्या माझ्याआधी वाचायला शिकले होते.

मी तेव्हा बारावीला होते. आम्ही गोडादऱ्याला राहत होतो. आप्पांच्या खात्याबाहेर एक कुत्रं होतं, पिवळट रंगाचं, कोणाच्या अध्यात ना मध्यात. डब्यातली उरलेली भाकरी दोघं भाऊ त्याला घालायचे. त्या सकाळी ते दाराच्या पायरीवर पडलं होतं. आप्पांनी नेहमीसारखं हाताने बाजूला सरकवलं, तर त्याने उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट धरलं. धरलं आणि सोडलंच नाही. दुसऱ्या कारागिराने काठी मारली तेव्हा सुटलं आणि तोंड वाकडं करून, लाळ गाळत, भिंतीला धडकत पळालं.

आप्पांनी बोटांना कापडाची चिंधी बांधली आणि पाळी पूर्ण केली. संध्याकाळी घरी आले तेव्हा चिंधी वाळून बोटाला चिकटली होती.

गावाहून आजीचा फोन आला. जखमेत तिखट भरा आणि सात विहिरींत डोकावून या, म्हणजे विष उतरेल. आईने तिखटाचा डबा काढलाच होता. मी ओरडून तो बाजूला ठेवला आणि आप्पांचा हात नळाखाली धरून साबणाने धुतला. जखमेला साबण आणि वाहतं पाणी, एवढं मला शाळेत कळलेलं होतं. राहिल्या विहिरी. गोडादऱ्यात विहीर कुठून आणायची? पण आईला चैन पडेना. तिने आप्पांना शेजारच्या सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्यांपाशी नेलं आणि झाकणं उचलून आत बघायला लावलं. एका वॉचमनने हटकलं तेव्हा आप्पा म्हणाले, पाणी किती आहे ते बघतोय. आम्ही घरी खूप हसलो. आप्पा सगळ्यांत जास्त हसले, कारण त्यांना कशाचीच भीती वाटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी काका त्यांना दवाखान्यात घेऊन गेला. दंडात लस टोचली. मग डॉक्टर म्हणाले, जखम खोल आहे, लशीबरोबर सिरम पण द्यावं लागेल, आणि ते दंडात नाही, जखमेतच, म्हणजे बोटांत टोचायचं. आप्पांनी विचारलं, बोट सुजतं का? डॉक्टर म्हणाले, सुजेल, थोडे दिवस ताठ राहील, पण हे फार गरजेचं आहे.

संच्यावर धागा तुटला की संचा थांबतो. कारागिराने दोन टोकं शोधायची आणि अंगठा आणि शेजारचं बोट यांत धरून गाठ मारायची. गाठ इतकी बारीक पाहिजे की कापडात दिसू नये. आप्पांची गाठ दिसायची नाही. तीच दोन बोटं, आणि त्याच दोन बोटांत सुया.

“बोटे सुजनात ते गाठ कशी बांधसू?” आप्पा काकाला म्हणाले. मग डॉक्टरांना म्हणाले, उद्या येतो. आणि निघाले. हे काकाने मला नंतर सांगितलं, पुष्कळ नंतर. त्या दिवशी घरी आल्यावर दोघं एवढंच म्हणाले की सुई झाली, पुढची तारीख दिली आहे.

पुढची तारीख आली तेव्हा आप्पा दिवसपाळीला होते. दवाखान्यात सकाळ जाते, म्हणजे अर्धी पाळी बुडते. शिवाय कोणीतरी आप्पांना सांगून ठेवलं होतं की तारीख चुकली की सगळं पहिल्यापासून. पहिल्यापासून म्हणजे परत डॉक्टर, परत सिरमची गोष्ट, परत बोटं. सात वाजता खात्याच्या दारात डब्याबरोबर आप्पांनी दवाखान्याचं कार्डही काकाकडे दिलं. काका रात्रभर उभं राहून आलेला, त्याला लगेच परत संच्यांवर उभं करणं शक्य नव्हतं. तो तसाच दवाखान्यात गेला, आप्पांचं नाव पुकारल्यावर उठला आणि बाही वर केली.

घरी येऊन मला म्हणाला, “पोरी, तुन्हा बापनी सुई मी लई ऊनू.” तुझ्या बापाची सुई मी घेऊन आलो, म्हणे. मला वाटलं, नेहमीसारखी थट्टा करतोय. काकाच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं अशी आमच्या घरात रीतच होती. मी अभ्यासाला बसले.

त्याच्या पुढच्या तारखेलाही तोच गेला. आता आईला माहीत होतं. तिने विचारलं, पण त्यांच्या अंगात जायला नको का? काका म्हणाला, पहिली त्यांनी घेतली, शेवटची तेच घेणार आहेत, मधल्यांची जागा भरून काढली. कापडाचा पहिला आणि शेवटचा पीस आपल्या हातचा असला की मधला बदलीवाल्याने काढला तरी शेठ काही म्हणत नाही. आईला ते पटलं. तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मलाही पटलं असतं. आमच्या घरात सगळंच असं चालत होतं, आणि बरंच चालत होतं.

त्या सुईनंतर काकाला बारीक ताप आला. काखेत लिंबाएवढी गाठ आली, दंड दुखायला लागला. आईने त्याला काढा दिला. आप्पा म्हणाले, बघ, दुखणं माझं आणि काढा तू पितोस.

शेवटची तारीख अजून लांब होती. चावल्याच्याच आठवड्यात कुत्रं नाल्याशी मेलेलं सापडलं होतं, पण ती गोष्ट खात्यातच राहिली. जखम भरून आली होती. बोटांवर दोन पांढरे वण तेवढे उरले होते.

आधी बोटांना मुंग्या यायला लागल्या. आप्पा म्हणायचे, धागा हातात असूनही हातात असल्यासारखं वाटत नाही. गाठ सुटायला लागली. आप्पांच्या हातची गाठ सुटली ही बातमी काकाने घरी आणली तेव्हा तो हसत नव्हता. मग हात कोपरापर्यंत चुरचुरायला लागला, ताप आला, आणि आप्पा पहिल्यांदा स्वतःहून म्हणाले की आज जात नाही. तो दिवस मला आठवतो तो पंख्यामुळे. आईने पंखा लावला आणि आप्पा किंचाळले. वाऱ्याने त्यांचा घसा आवळला होता. पंखा बंद केला, तर म्हणाले, पाणी दे. पेला ओठाशी नेला आणि त्यांचा सगळा देह मागे गेला. पेला जमिनीवर पडला. ते पाण्याकडे असे बघत होते जसं कोणी आपल्याच माणसाकडे बघावं, आणि त्याने ओळख दाखवू नये.

आईने सांडलेलं पाणी पुसलंच नाही. ती तशीच खाली बसली. हडकवा हा शब्द इथे सगळ्यांना माहीत आहे. पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग. तो अंगात उठला की माणूस परत येत नाही हेही सगळ्यांना माहीत आहे.

मोठ्या सरकारी दवाखान्यात त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं. खिडकीवर जाड कापड टाकलेलं होतं, पंखा बंद. डॉक्टर तरुण मुलगी होती, गुजराती. तिने कार्ड पाहिलं आणि तिच्या कपाळावर आठी पडली. म्हणाली, पण यांनी लस वेळेवर घेतलेली दिसते. एकदा नाही, तिन्ही वेळा. मग असं व्हायला नको. कदाचित दुसरंच काही असेल, मेंदूला सूज वगैरे. आपण बघू.

त्या क्षणी आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरू शकत नाही. सुया कोणी घेतल्या ते ती त्या क्षणी विसरली. दुसरंच काही असेल! मी पण हात जोडले. दुसरं काहीही असू दे, काहीही, मेंदूची सूज असू दे, कावीळ असू दे, कर्करोग असू दे.

काका भिंतीला टेकून उभा होता. तो पुढे आला आणि म्हणाला, “मॅडम, वो सुई उसने नहीं लिया. मैंने लिया.”

डॉक्टरला आधी समजलंच नाही. तिने परत विचारलं. त्याने बाही वर केली आणि दंड दाखवला, जणू तिथे अजून खूण असेल. मग त्याला हिंदी सुचेना. तो आपल्या बोलीत बोलायला लागला, मोठ्याने, आणि मी शेजारी उभी राहून हिंदीत सांगत होते. “त्यान्ही दवाई मन्हा रगतमा शे. मन्हं रगत काढा आनि त्याले द्या. सगळं काढा.”

मी सांगितलं, ते म्हणताहेत, भावाचं औषध माझ्या रक्तात आहे. माझं रक्त काढा आणि त्यांना द्या.

ती रागावली नाही. तिने त्याची बाही स्वतः खाली केली आणि म्हणाली, आता नाही होणार. मग मला बाजूला घेऊन गुजरातीत सांगितलं की आईला समजावून ठेव.

आप्पा मधूनमधून अगदी शहाण्यासारखे बोलायचे. या रोगाचं हेच वाईट, माणूस पूर्ण जात नाही, मध्ये मध्ये येतो. एकदा डोळे उघडून त्यांनी काकाकडे पाहिलं, मग दाराकडे, मग परत काकाकडे. म्हणाले, “दोन्ही भाऊ आठे, ते संचास्वर कोन शे?”

दोघं भाऊ इथे, तर संच्यांवर कोण आहे?

काका म्हणाला, बदली दिली आहे, चांगला माणूस आहे, तुम्ही काळजी करू नका. बदली दिलेली नव्हती. शेठने दोघांची जागा आदल्या दिवशीच भरली होती. आप्पांना ते कळलं की नाही, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

आम्ही त्यांची लाळ पुसली होती, त्यांचं उष्टं हाताळलं होतं, म्हणून आम्हा सगळ्यांना लस सांगितली. आईला आणि मला सगळ्या सुया. काकाला डॉक्टर म्हणाली, तुमच्या अंगात आधीची आहे, तुम्हाला थोडक्यात भागेल. ती हे सहज बोलली. त्यावर काकाने तिथल्या तिथे स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. दोन वॉर्डबॉयनी त्याचे हात धरले, पण सुई त्याने घेतलीच नाही.

बारावीनंतर मी लॅबचा कोर्स केला. आता उधन्याच्याच एका लॅबमध्ये रक्त काढते. तेव्हा कोर्सला एक धडा होता, शरीराची प्रतिकारशक्ती. वर्गातल्या बाकीच्या मुली झोपा काढत होत्या आणि मी ओळ न् ओळ वाचत होते, कारण माझ्या घरात काय घडलं ते सगळं त्या धड्यात होतं.

लशीत मारलेला विषाणू असतो. तो काही करू शकत नाही, फक्त त्याचं रूप शाबूत असतं. दंडात सुई गेली की अंगातल्या गस्तीच्या पेशी ते रूप उचलतात आणि काखेतल्या गाठीत नेऊन दाखवतात. काखेतली गाठ सुजते ती याचसाठी, आत शाळा भरलेली असते. तिथे अगणित पेशी असतात आणि प्रत्येकीला एकच रूप ओळखता येतं. लाखांतून एखादी असते जिला हे नेमकं रूप जमतं. तिला शोधायचं, दुसऱ्या पेशीने तिला हो म्हणायचं, मग तिने आपल्यासारख्या असंख्य करायच्या आणि त्यांनी रक्तात प्रतिपिंडं सोडायची. प्रतिपिंड म्हणजे विषाणूला जाऊन चिकटणारा, त्याचं तोंड बंद करणारा कण. या सगळ्याला आठ-दहा दिवस लागतात. नवा कारागीर एका दिवसात संचा शिकत नाही, तसंच. आणि पहिल्या खेपेची प्रतिपिंडं थोडी आणि ढिली असतात. दुसरी सुई येते, तिसरी येते, तेव्हा अंग आपलं काम सुधारतं, ढिलं होतं ते घट्ट बसायला लागतं. शेवटी काही पेशी नुसत्या लक्षात ठेवण्यासाठी मागे राहतात, वर्षानुवर्षं.

आता इकडे हे चाललेलं असताना तिकडे जखमेत खरा विषाणू असतो. त्याला रक्ताशी काही घेणं नाही. तो स्नायूत दबा धरतो आणि मज्जातंतूचं टोक सापडलं की आत शिरतो. बोटांच्या टोकाला तंतू दाट. आप्पांची गाठ बारीक पडायची ती त्याच तंतूंच्या जोरावर. एकदा तंतूत शिरला की रक्तातली प्रतिपिंडं त्याला शोधू शकत नाहीत. तो आतल्या आत सरकत राहतो, बोटातून मनगटात, मनगटातून दंडात, मानेतून मेंदूत. अंगाला चाहूलही लागत नाही. म्हणून जखमेतच सिरम भरायचं असतं. सिरम म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी अंगात तयार झालेली आयती प्रतिपिंडं. ती विषाणूला दारातच अडवतात. थोडे आठवडे टिकतात आणि जातात, पण तोवर आपलं अंग शिकून तयार झालेलं असतं.

म्हणजे बदली. या सगळ्या रोगात बदलीचा माणूस चालतो अशी जागा एकच होती, तीच आप्पांनी नाकारली, आणि जिथे चालत नाही तिथे दिली. मला आप्पांचा राग येतो. अजून येतो. एका सुईवर त्यांचं अंग थोडंफार शिकलं असेल, पण तेवढं पुरलं नाही. पुढच्या दोन वेळा ते घोकायला आत कोणी आलंच नाही. ते काकाच्या काखेत घोकलं जात होतं.

त्या धड्यात शेवटी एक ओळ होती. हे सिरम घोड्याच्या रक्तातून काढतात, किंवा लस घेतलेल्या माणसांच्या रक्तातून. मी पुस्तक मिटलं. वर्गाबाहेर नळापाशी जाऊन रडले. काका दवाखान्यात ओरडत होता ते वेड्याचं बोलणं नव्हतं. जगात हे औषध तसंच बनतं, कोणीतरी स्वतःला टोचून घेतो आणि त्याचं रक्त दुसऱ्याच्या कामी येतं. फक्त विषाणू मेंदूत पोचायच्या आधी यायला हवं होतं, आणि नुसतं रक्त काढून भागत नाही. परीक्षेत त्यावर प्रश्न आला. मी तीन पानं लिहिली आणि पैकीच्या पैकी मार्क मिळवले.

काका त्या खात्यात परत गेला नाही. डिंडोलीला खोली घेऊन राहिला. लग्न केलं नाही. आमच्याकडे सणावाराला यायचा, आईने वाढलेलं निमूट खायचा आणि ती पाणी द्यायच्या आधी उठायचा. त्याची थट्टा गेली. आईने त्याला कधी एका शब्दाने बोल लावला नाही, आणि मला वाटतं तेच त्याला सोसलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. नव्या खात्यात तो कोणाच्या बदलीवर गेला नाही आणि त्याने कोणाला बदली दिली नाही. तापाने फणफणला तरी उभा राहायचा. लोक त्याला विक्षिप्त म्हणायचे.

या थंडीत त्याला कुत्रं चावलं. पाळीवरून परतताना, पोटरीला, चांगलंच. त्याने मला फोन केला. मी लॅबमधून तशीच गेले. दवाखान्यात नर्सने विचारलं, “पहेलां क्यारेय रसी लीधी छे?” आधी कधी लस घेतली आहे का?

हे विचारतातच, कारण आधी घेतली असेल तर सिरम लागत नाही आणि सुया दोनच पुरतात. लक्षात ठेवणाऱ्या पेशी आत असतात. त्यांना नुसतं रूप दिसायचा अवकाश, त्या चटकन कामाला लागतात.

काका म्हणाला, “ना.”

मी तोंड उघडलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. आप्पांसारखाच चेहरा, आता आप्पांहून म्हातारा. जास्तीचं घेतल्याने त्याचं काही बिघडणार नव्हतं.

त्याने सगळं घेतलं, नव्याने आलेल्या माणसासारखं. सिरम पोटरीच्या जखमेत, चारी बाजूंनी. नर्स मला म्हणाली, पाय धरा, हे फार दुखतं. काकाने तिला हात केला, नको. तो सुईकडे बघत राहिला.

बाहेर बाकावर बसवलं तेव्हा मी म्हणाले, काका, हे कशासाठी? तू तेव्हा घेतलेल्या सुया अजून तुझ्या अंगात आहेत. त्या जात नाहीत. एवढा त्रास लागलाच नसता.

“त्या मन्ह्या नही,” तो म्हणाला. “भाऊन्या शेतस.”

त्या माझ्या नाहीत, भावाच्या आहेत. मी शिकलेली, माझ्याकडे तीन पानांचं उत्तर होतं.

प्रत्येक तारखेला त्याने पाळी बुडवली. शेठने निरोप पाठवला की संच्यावर बदली दे. त्याने दिली नाही, आणि शेठने जागा भरून टाकली. मी चिडले, म्हटलं, या वयात आता कोण उभं करेल तुला? शेवटच्या तारखेला मी त्याच्याबरोबर गेले. नाव पुकारलं, त्याचं स्वतःचं नाव. तो उठला, सुई घेतली, बाहेर आला आणि दंडावर कापूस दाबून बाकावर बसला.

मग म्हणाला, “भाऊ ऱ्हाता ते म्हनता, तू कामले जाय, सुई मी लई येस.”

भाऊ असता तर म्हणाला असता, तू कामाला जा, सुई मी घेऊन येतो.

मी त्याच्या दंडावरचा कापूस काढून बघितलं. रक्त थांबलं होतं. त्याने बाही खाली केली आणि आम्ही रिक्षा बघायला निघालो.